हेमिसला निघताय? काळा चष्मा घेतलात का?

हिमबिबट्या बघायला हिवाळ्यात लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल तर थर्मल, जॅकेट, लोकरीचे मोजे यांबद्दल मी काही सांगत नाही, ते कोणी विसरत नाही. काळा चष्मा मात्र हे वाचता वाचताच बॅगेत टाका. यूव्ही ४०० लिहिलेला, म्हणजे अतिनील किरण अडवणारा, आणि कडेनेही डोळे झाकणारा हवा.

मागच्या वेळी माझा लेहच्या खोलीत राहिला. एवढ्या थंडीत ऊन काय लागणार, म्हणून मी परत फिरले नाही. झिंगचेनहून उद्यानातल्या रुम्बाक गावाला जाणारी दरी ताज्या बर्फाने भरलेली. दिवसभर काही जाणवलं नाही. रात्री खोली गरम करणाऱ्या बुखारीपाशी, म्हणजे शेगडीपाशी, बसले असताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, पाणी थांबेना, दिव्याकडे बघवेना. उंचीवर अतिनील किरण मुळातच तीव्र, त्यातले ८० टक्क्यांपर्यंत ताजा बर्फ खालून परत डोळ्यांवर फेकतो. थंडीचा त्याच्याशी संबंध नाही. सकाळी समोरच्या कड्यावर हिमबिबट्या बसला होता, सगळे पाळीपाळीने स्कोपला, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीला, डोळा लावत होते आणि मी डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून आत पडून होते. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचं उद्यान, तासन् तास कडे न्याहाळायचे. डोळेच गेले तर जायचं कशाला? म्हणून दोन चष्मे घ्या. एक दोरीने गळ्यात, एक पाठपिशवीत. नंबर असेल तर त्यावरून बसणारा. ढग आले तरी काढू नका.

लेह ३,५०० मीटरवर आहे. विमानाने उतरलात की विरळ हवेची सवय व्हायला किमान दोन दिवस नुसता आराम. सुट्टी कमी आहे म्हणून यात काटछाट अजिबात नको, रुम्बाक त्याहूनही वर आहे. डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत, तर वर जायचं नाही. त्रास वाढला तर लगेच खाली. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच.

बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि उद्यानात त्याचाही भरवसा नाही. रोख लेहमध्येच काढा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. नळीची पाण्याची पिशवी नको, नळी गोठते, थर्मास घ्या. हेडटॉर्च, सनस्क्रीन, ओठांना मलम, नेहमीची औषधं. आणि लेहची खोली सोडताना, कुलूप लावायच्या आधी, गळ्यातला चष्मा हाताने चाचपून बघा.