थंडीत कोंबड्या सांभाळताना: पडदा कधी टाकायचा, कधी उघडायचा

कार्तिक सरत आला की निफाड-दिंडोरीकडे सकाळचं पहिलं बोलणं पाऱ्याचंच असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किती अंश नोंदले गेले, हे पेपरात यायच्या आधी पारावर कळलेलं असतं. पाच-सहा अंश म्हटले की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात. आणि परसात पंधरा-वीस कोंबड्या असलेल्या घरी काय होतं? खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद, त्यावर गोणपाट, राहिलेल्या फटीत चिंध्या. एक झुळूक आत जाता कामा नये.

घोळ इथेच होतो. मीही केलेला आहे. एका डिसेंबरात खुराडं असं गच्च बांधलं आणि मनातून खूश होतो. दहा-बारा दिवसांत कोंबड्या शिंकायला लागल्या, मग घरघर, डोळ्यांत फेस. सतरापैकी पाच गेल्या. डॉक्टर आले, खुराड्याच्या दारात वाकले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "तुम्ही झोपून बघा इथं एक रात्र."

पिसं भरलेल्या मोठ्या कोंबडीला आपल्याकडची थंडी जड जात नाही. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. पिसं फुलवून, एकमेकींना खेटून ती रात्र काढते. तिला सोसत नाही ती ओल आणि कोंडलेली हवा. रात्रभर श्वासातून आणि विष्ठेतून पाणी बाहेर पडत असतं. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दहिवरासारखे थेंब दिसतात, ते हेच. हे पाणी खालच्या तुसात मुरतं, ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो श्वासनलिका सोलवटून काढतो आणि मग जुनाट श्वसनाच्या आजाराचे जंतू, मायकोप्लाझ्मा, आरामात आत शिरतात. तेव्हा झाकायचं ते वारा अडवण्यापुरतं.

सोपी पद्धत अशी. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू आणि कोंबड्या बसतात त्या उंचीपर्यंतचा भाग गोणपाटाने झाकायचा. छताखाली वीतभर ते फूटभर पट्टी चारी बाजूंनी उघडी ठेवायची. उबदार दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. गोणपाट प्लास्टिकपेक्षा बरं, कारण ते श्वास घेतं. पडदा वरून खाली सोडण्याऐवजी खालून वर ओढण्यासारखा बांधलात तर वरची पट्टी आपोआप मोकळी राहते. दिवस मावळला की पडदा ओढायचा, ऊन अंगावर आलं की खाली सोडायचा. दुपारी पडदा तसाच राहिला असेल तर त्या घरात कोंबड्यांकडे कुणाचं लक्ष नाही असं खुशाल समजावं.

अमोनिया तपासायला यंत्र लागत नाही. पहाटे दार उघडल्या उघडल्या कोंबडीच्या उंचीला डोकं न्या. उभ्याने वास येत नाही म्हणून फसू नका. डोळे चुरचुरले तर आतल्या कोंबड्यांचे रात्रभर चुरचुरतच होते.

खालची गादी, म्हणजे भाताचं तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफलं, उन्हाळ्यात दोन-तीन इंच चालते. थंडीत ती चार ते सहा इंच करा, आणि दोन दिवसांआड दाताळ्याने खालीवर करा. मूठभर तूस घट्ट दाबून बघायचं: मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर ओल जास्त, हलकेच भुरभुरला तर ठीक, नुसती धूळ उडाली तर फार कोरडं. ओलं झालेलं, विशेषतः पाण्याच्या भांड्याभोवतीचं, उचलून उकिरड्यावर टाका आणि त्या जागी थोडा चुना भुरभुरून नवं तूस घाला. कोंबड्यांना बसायला दांडी असेल तर दोनेक इंच रुंद, वरून गुळगुळीत असू द्या. पंजा सपाट टेकला की त्यावर पोटाची पिसं येतात आणि पाय उबेत राहतात. लोखंडी पाइप या दिवसांत नकोच.

पिलांची गोष्ट मात्र वेगळी

इतका वेळ मोकळी हवा मोकळी हवा म्हटलं, ते मोठ्या कोंबडीबद्दल. पिलाला पिसं नसतात, नुसती लव असते. पहिले काही दिवस त्याला आपलं तापमान राखताच येत नाही. पहिल्या आठवड्यात पिलाच्या पाठीच्या उंचीला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायचं. उन्हाळ्यात दोन आठवड्यांत भागतं, थंडीत तीन-चार आठवडे कृत्रिम ऊब धरून चालायचं.

ठोकताळा असा की थंडीत दर पिलामागे दोन वॅट. शंभर पिलांना दोनशे वॅट. पण हे वॅट जुन्या तारेच्या बल्बचे, एलईडीचे नव्हेत! आमच्या वस्तीवर एका बचत गटाला जानेवारीत शंभर पिलं मिळाली. बायांनी पाटीखाली लख्ख एलईडी दिवे लावले आणि सकाळी कोपऱ्यात ढीग. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. आता गावच्या दुकानात तारेचा बल्ब सहजासहजी मिळत नाही, म्हणून पिलं यायच्या आधीच तालुक्याहून आणून ठेवा. एक मोठा लावण्यापेक्षा दोन-तीन लहान लावा, एक उडाला तर रात्र सांभाळली जाते.

पिलं येण्याआधी पाच-सहा तास दिवे चालू करून जागा तापवून घ्यायची. गार जमिनीवर उतरवलेलं पिलू पुढे कितीही ऊब दिली तरी मागे पडतं. भोवती पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं फूट-दीड फूट उंचीचं गोल कडं करा. गोलच, कारण कोपरा मिळाला की पिलं तिथे चेंगरतात. तुसावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र अंथरा. पहिलं पाणी कोमट आणि गुळाचं.

मग थर्मामीटर नसला तरी पिलंच सांगतात. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवाट चालला असेल तर थंडी वाजते आहे, दिवा खाली घ्या. कडेला पळून चोची उघड्या, पंख पसरलेले, तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली तर समोरून फटीतून वारा येतो आहे, ती फट शोधा. चौफेर पसरून काही खातायत, काही झोपलीयत, तर तुम्हीही जाऊन झोपा.

वीज गेली तर? हा प्रश्न कुणीही विचारावा असाच आहे, कारण रात्री दोनला ती जातेच. उकळत्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवता येतात; तासा-दीड तासाने पाणी बदलावं लागतं, पण रात्र निघते. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नको. धूर दिसत नाही म्हणून ती निर्धोक नसते. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने पिलं मरतात आणि राखण करणारं माणूसही मरू शकतं.

घरचीच खुडूक कोंबडी बसवणार असाल तर तिच्याइतका भरवशाचा दिवा दुसरा नाही. फक्त थंडीत तिच्याखाली अंडी कमी ठेवा. एरवी पंधरा मावतात, आता दहा-बारा पुरेत. पिसांबाहेर राहिलेलं अंडं गार पडतं आणि ती अंडी फिरवत असल्याने रोज वेगळं अंडं बाहेर येतं, म्हणजे नुकसान एकाचं होत नाही. अंडी आठवड्याच्या आतली घ्या. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीपुढे धरून बघा, शिरांचं जाळं नसलेली काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिलं.

मोटारसायकलवर डालगी बांधून "गावरान पिल्लंऽऽ" ओरडत येणाऱ्याकडून या दिवसांत घेऊ नका. ती बहुतेक वेळा अंड्यावरच्या जातीची नर पिलं असतात, वर दिवसभर वारा खाल्लेली. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, तिथे आगाऊ नोंदणी करा. ऊब देण्याची सोय नसेल तर थोडे पैसे जास्त जाऊ द्या, पण चार आठवड्यांची वाढलेली पिलं घ्या.

अंडी का कमी झाली

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत-बाहेर मावळतो. अकरा तासांचा दिवस. कोंबडीला नियमित अंडं द्यायला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं, पण तांबडं उशिरा फुटलं की कोंबडीचं अंडं मात्र राहतं. खुराड्यात पहाटे एक नऊ वॅटचा दिवा लावा. इथे एलईडीच हवा, कारण काम उजेडाचं आहे. सुरुवात अर्ध्या तासाने करून दर आठवड्याला थोडी वाढवत पहाटे चारपर्यंत या. संध्याकाळी लावून एकदम विझवला तर कोंबड्या अंधारात जागा शोधत धडपडतात, म्हणून पहाटच बरी. पाच महिन्यांच्या आतल्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांना, जादा उजेड नको, त्या अंगात भरण्याआधीच अंड्यावर येतात. पिसं गाळत असलेल्या जुन्या कोंबडीला तर तिच्या मनाप्रमाणे दीड-दोन महिने विश्रांती घेऊ द्या. तसंही मार्गशीर्षात गावातलं गिऱ्हाईक निम्मं होतं.

खाण्याचं म्हणाल तर दिवस लहान, किडे कमी, आणि अंग गरम ठेवायला खर्च जास्त. परसातल्या कोंबडीला एरवी दिवसाला मूठभर वरचं खाद्य पुरतं, आता त्याला दुसऱ्या मुठीची जोड द्या आणि ती संध्याकाळी द्या: मका, बाजरी, तांदळाची कणी. भरल्या गळ्याने निजलेली कोंबडी रात्रभर आतून तापत राहते. सोबत लसूणघास, अ‍ॅझोला (पाण्यावर वाढणारं हिरवं शेवाळासारखं खाद्य), शेवग्याचा पाला, आणि कवचासाठी शिंपल्याचा चुरा.

मक्याबद्दल एक खास. खरिपाचा मका दिवाळीच्या आगेमागे घरात येतो तेव्हा तो ओला असतो. तसाच पोत्यात भरला तर आतून तापतो, बुरशी धरतो आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, कोंबडीचं यकृत खातं. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा. काळा-हिरवा पडलेला मका माणसाला नको म्हणून कोंबडीला टाकण्याची सवय सोडा.

पाणी साठवून ठेवलेलं देऊ नका. रात्रभर हौदात गारठलेलं पाणी कोंबडी पीत नाही, पाणी कमी तर खाणं कमी, खाणं कमी तर अंडं नाही. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी पहाटे कोमटच लागतं. तेच ओता, चूल पेटवायची गरज नाही.

लस आणि पाहुणे पक्षी

मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की वस्तीवरचं खुराडं दोन-चार दिवसांत रिकामं होतं आणि तिच्यावर औषध नाही. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटा या राणीखेतच्या लसीचा थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा, आणि आठ-दहा आठवड्यांची झाली की त्याच रोगाच्या आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. देवीची लस सहा-आठ आठवड्यांना. अडचण एकच असते: बाटली शंभर किंवा दोनशे मात्रांची आणि आपल्या कोंबड्या वीस. म्हणून वस्तीवरच्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस बर्फात आणा. कालवलेली लस तासा-दोन तासांत संपवायची, उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध द्या. शिंकणारी कोंबडी त्या दिवशी वगळा.

आमच्याकडे नांदूरमध्यमेश्वरला याच दिवसांत हजारो पाहुणे पक्षी उतरतात. बघायला जरूर जा. पण त्याच चपलांनी खुराड्यात शिरू नका आणि कोंबड्या कालव्याच्या, बॅकवॉटरच्या काठी चरायला सोडू नका. बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला, परभणीच्या मुरुंब्यात आला जानेवारी २०२१ मध्ये, उदगीरला कावळे मेले तेही जानेवारीतच, २०२५ साली. गारव्यात हा विषाणू बाहेर जास्त दिवस तग धरतो. कावळा, बगळा मेलेला दिसला तर हात लावू नका. आपल्या कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तुरे निळसर पडले, तर दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. लोक लपवतात, कारण रोग ठरला तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट करतात. पण भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या जिवंत कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नाही, एवढा हिशेब तरी करा. नीट शिजवलेलं कोंबडीचं मटण आणि अंडं खायला हरकत नसते.

ऊसतोड सुरू झाली की उसातलं मुंगूस, रानमांजर, कोल्हा बाहेर पडतात, आणि आमच्या भागात बिबट्याही. खुराडं घराच्या भिंतीला लागून असू द्या, जाळी बारीक आणि खाली फूटभर पुरलेली. पहाटेच्या दिव्याचं बटण घरातूनच दाबता आलं तर अंधारात बाहेर जावं लागणार नाही.

महाशिवरात्रीनंतर रात्री सुसह्य झाल्या की पडदे उतरवा, सोड्याच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. गादीचं सगळं तूस काढून खड्ड्यात कुजत घाला. ताजं घातलं तर रोपं जळतात. दोन-तीन महिन्यांत ते वांग्या-मिरचीला घालण्याजोगं होतं.