'मास्क्स ऑफ नायारलाथोटेप' चालवताय? कीपरने या चुका टाळाव्यात

हा लेख कीपरसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी आहे. खेळाडू म्हणून ही कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) खेळणार असाल तर इथेच थांबा, पुढे रहस्यं फुटतात.

'कॉल ऑफ कथुलू' हा फासे टाकत, पात्रांच्या भूमिका घेत खेळायचा भयखेळ सँडी पीटरसन यांनी १९८१ साली रचला आणि त्यावरची ही भलीमोठी कॅम्पेन १९८४ साली आली. न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, ऑस्ट्रेलिया, शांघाय असा तिचा पसारा, काळ १९२५ सालचा. ती अर्धवट का सुटली असं कुणाला विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: तारखा जुळेनात. तारखा जुळत नाहीत हे खरंच आहे. पण मजा येत असली की लोक रविवारची झोप मोडूनही लॉग इन करतात. मला विचाराल तर कॅम्पेन आधीच मेलेली असते, तारखांचं फक्त निमित्त होतं. आणि ती मरते कारण कीपर सगळी मेहनत भुतावळीवर घेतो आणि १९२५ साल कोरं सोडतो.

भीती वाटते ती ओळखीचं जग हलतं तेव्हा. ते जग नीट उभंच केलं नाही तर हलणार काय?

१९२५ मध्ये २०२५ चा फोन

नेहमी दिसणारी चूक. न्यूयॉर्कमधला खेळाडू म्हणतो, "मी लंडनच्या प्रोफेसरांना फोन लावतो," आणि कीपर बिनदिक्कत प्रोफेसरांच्या आवाजात बोलायला लागतो. न्यूयॉर्क-लंडन टेलिफोन सेवाच मुळी ७ जानेवारी १९२७ ला सुरू झाली, तीही तीन मिनिटांना ७५ डॉलर या दराने. १९२५ मध्ये समुद्रापलीकडे निरोप धाडायचा तर तार, नाहीतर बोटीने जाणारं पत्र.

याला अडचण समजू नका. तारेला शब्दागणिक पैसे पडतात, हे टेबलावर खरोखर वापरा. खेळाडूला कोरा कागद द्या, तार लिहायला सांगा आणि शब्द मोजून त्याच्या खिशातले पैसे कापा. काटकसरी खेळाडू विरामचिन्हं गाळतो आणि मग "सापडला नाही मारला" अशी तार कैरोला पोचते. वाचणारा ठरवणार: सापडला, पण मारला नाही? की सापडला नाही, कुणीतरी मारला? दुसऱ्या खंडात बसलेल्या साथीदाराने या तीन शब्दांवर निर्णय घ्यायचा आणि उत्तर यायला दुसरा दिवस उजाडणार. असा ताण कुठल्याही शुंडावाल्या प्राण्याच्या चित्राने येत नाही.

हीच गोष्ट औषधांची. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा आणि ते रुग्णांपर्यंत पोचायला पुढे चाळीसचं दशक उजाडलं. केनियात झालेली साधी जखम चिघळली तर पाय जाऊ शकतो. "फर्स्ट एडचा रोल झाला, चला पुढे" असं म्हणून (रोल म्हणजे फासे टाकून घेतलेली परीक्षा) ही भीती फुकट घालवू नका.

बोटीचा प्रवास 'कट' करून टाकणं

"तुम्ही कैरोला पोचलात." हे वाक्य कॅम्पेनचा कणा मोडतं. न्यूयॉर्कहून साउथॅम्प्टनला सुमारे आठवडा. मोंबासा ते नैरोबी आगगाडीने साधारण एक दिवस. विमानाचा विचारही नको, लंडन-कराची हवाई सेवा सुरू व्हायला १९२९ साल उजाडायचं आहे. सगळे खंड पालथे घालायचे तर निदान तीन महिने नुसते बोटीवर जातात.

आणि कॅम्पेनला तर शेवटची तारीख आहे: १४ जानेवारी १९२६, खग्रास सूर्यग्रहण. ते लेखकांनी कल्पनेतून काढलेलं नाही. त्या दिवशी चंद्राची सावली खरोखरच आफ्रिकेवरून निघून हिंदी महासागर ओलांडत सुमात्राकडे गेली होती. म्हणजे खेळाडूंकडे जेमतेम वर्ष आणि त्यातला मोठा तुकडा समुद्राने आधीच गिळलेला. एक साधं १९२५ चं कॅलेंडर छापून भिंतीवर लावा किंवा ऑनलाइन खेळत असाल तर सामायिक पानावर टाका आणि प्रत्येक सेशननंतर दिवस खोडा. घाई करा असं तुम्हाला एकदाही सांगावं लागणार नाही. प्रत्येक मुक्कामात इस्पितळात पडून सॅनिटी, म्हणजे पात्राच्या मानसिक तोलाचे गुण, भरून काढायची, ही हुशार खेळाडूंची आवडती युक्तीसुद्धा आपोआप महाग होते.

ग्रहणावरून आणखी एक. कॅम्पेन सुरू होते जानेवारी १९२५ मध्ये, न्यूयॉर्कला. आणि २४ जानेवारीला, शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास, न्यूयॉर्कवरच खग्रास ग्रहण झालं होतं. सावलीची कड मॅनहॅटनमधून गेली: साधारण ९६व्या रस्त्याच्या उत्तरेला खग्रास, दक्षिणेला सूर्याची बारीक कोर शिल्लक. ही कड नेमकी कुठून जाते ते पाहायला वीज कंपनीने रिव्हरसाइड ड्राइव्हच्या बाजूने गच्च्यांवर निरीक्षक उभे केले होते. असा प्रसंग वास्तवाने फुकट दिलेला असताना कीपर तो वापरत नाहीत, याचं मला नवल वाटतं. कडाक्याच्या थंडीत गच्चीवर उभी माणसं, वर अंधार आणि एकाच रस्त्यावर दोन वेगवेगळी आकाशं. त्या सकाळी काहीही घडवू नका. वर्षभराने दुसऱ्या ग्रहणाची तारीख हाती लागेल तेव्हा खेळाडूंना ही सकाळ आपसूक आठवेल.

ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी कोण रडणार?

सगळी गोष्ट सुरू होते जॅक्सन एलियस या लेखकाच्या खुनापासून. १९१९ साली निघालेली कार्लाइल मोहीम केनियात कापली गेली असं जग मानतं. एलियसला वेगळंच काही सापडतं आणि न्यूयॉर्कच्या हॉटेलात त्याचा खून होतो. कागदावर हे झकास वाटतं. टेबलावर मात्र पहिल्याच सेशनला "हा तुमचा जिवलग मित्र" असं वाचून दाखवायचं आणि लगेच त्याचं प्रेत दाखवायचं, तर खेळाडू प्रेताचे खिसे तपासतात. बस्स.

२०१८ च्या आवृत्तीत १९२१ सालचं पेरूतलं पूर्वप्रकरण दिलंय ते याचसाठी. ते गाळू नका, कितीही लांबण वाटली तरी. जुनी आवृत्ती वापरत असाल तर एलियसबरोबरचं एखादं छोटं साहस स्वतः रचा. त्यात तो कुणाचे तरी पैसे उसने घेऊ दे, कुणाला तरी जेवू घालू दे, एखाद्या खेळाडूचा जीव वाचवू दे. उसने पैसे सगळ्यात कामाला येतात. त्यांची आठवण कुणीच विसरत नाही.

धाग्यांचा गुंता

एलियसच्या खोलीतच शांघायच्या एका गुत्त्याची काडेपेटी मिळते, कैरोहून आलेलं पत्र मिळतं, न्यूयॉर्कच्या आयात कंपनीचं कार्ड मिळतं. इथे दोन उलट प्रकारच्या चुका होतात. पहिली, महत्त्वाचा पुरावा एकाच 'स्पॉट हिडन'च्या (लपलेलं हेरण्याच्या कौशल्याच्या) रोलमागे लपवणं. फासा पडला ९४ (शंभरातला, आणि इथे कमी आलेला बरा) आणि आता एक अख्खा खंड बंद. पुढे जायला लागणारी माहिती रोलशिवाय मिळायलाच हवी. रोल ठेवायचा तो किती वेळ लागला, कुणी पाहिलं का, सोबत आणखी काय हाती लागलं यासाठी. अयशस्वी रोल 'पुश' करण्याचा, म्हणजे पुन्हा टाकण्याचा, नियम याचसाठी छान आहे: खेळाडूने काहीतरी वेगळं करून दाखवायचं आणि फसलं तर काय ओढवेल याची चुणूक तुम्ही आधीच द्यायची.

दुसरी चूक जास्त हळूहळू मारते. सगळे पुरावे मिळतात, पण तीन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की ती काडेपेटी कुठली. यावर उपाय वही. कीपरची नव्हे, खेळाडूंची. दर सेशनला पाळीपाळीने एकाने टिपणं काढायची आणि पुढच्या वेळी त्यानेच दोन मिनिटांत 'मागील भागात' सांगायचं. त्याने चुकीचं सांगितलं तर दुरुस्त करू नका. त्या चुकांतून तुम्हाला कळतं की गट खरंच काय समजून बसलाय.

हँडआउट (खेळाडूंच्या हाती द्यायचे कागद) मराठीत करू का, असं हल्ली बरेच जण विचारतात. पत्रं आणि डायरी जरूर करा. वर्तमानपत्राची कात्रणं मात्र इंग्रजीतच ठेवा आणि सारांश तोंडी सांगा, मांडणीची मजा जाते नाहीतर.

सॅनिटीला हिट पॉइंट (शरीराच्या ताकदीचे गुण) समजणं

"तुझी सात सॅनिटी गेली. पुढे?" इतक्यावर भागवलं की खेळ संपला. नियम नीट वाचा, त्यात एक सुंदर गोम आहे. एका फटक्यात पाच किंवा जास्त सॅनिटी गेली तर बुद्धीचा रोल करायचा आणि तो यशस्वी झाला तर माणसाचा तात्पुरता तोल जातो. ज्याला समजलं, तो कोसळला. ज्याच्या डोक्यावरून गेलं, तो वाचला. तसंच कथुलू मिथॉसचं, म्हणजे या खेळाच्या विश्वातल्या देवदानवांचं, ज्ञान जितकं वाढेल तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ वरून खाली येत जाते. या खेळात अभ्यासू माणसाचं काही खरं नाही आणि खेळाडूंना हे ग्रंथालयात बसल्या बसल्या कळायला हवं.

उलट टोकाची चूक म्हणजे वेडेपणाचं नाटक: डोळे फिरवणं, खिदळणं, टेबलाखाली शिरणं. एकदा हशा पिकला की संध्याकाळभर भीती परत येत नाही. त्यापेक्षा एखादी बारीक, ठोस सवय द्या. हा आता आरशाकडे पाठ करून दाढी करतो. ही मोजल्याशिवाय जिना उतरत नाही. आणि कुणाच्या घरी मानसिक आजार असू शकतो हे लक्षात ठेवून काय चालेल, काय नाही ते पहिल्या बैठकीतच विचारून घ्या.

बंदुकांबद्दल थोडक्यात: न्यूयॉर्कमध्ये १९११ पासून पिस्तुलाला परवाना लागतो, ब्रिटनमध्ये १९२० च्या कायद्याने प्रमाणपत्र लागतं. बॅगेत शस्त्रागार घेऊन जग फिरणाऱ्यांना जकातीवर अडवा.

खलनायक म्हणजे 'तिथले लोक'

ही चूक सगळ्यात जुनी आणि थेट या साहित्यप्रकाराच्या मुळातली. ज्याच्या कथांवर हे सगळं उभं आहे त्या लव्हक्राफ्टचा वंशद्वेष काही लपून राहिलेला नाही. कॅम्पेन जशीच्या तशी चालवली तर आफ्रिकन, इजिप्शियन, चिनी पात्रं एकामागून एक सुरे घेऊन येतात आणि गोरा शोधक जग वाचवतो. आपण हे मुकाट्याने चालवावं म्हणजे कमालच आहे, साहेबांच्या डायऱ्यांत आपले आजे-पणजेही अशाच रंगात रंगवलेले असत.

नायारलाथोटेप या दुष्ट देवाला पूजणारा पंथ ठेवा, पण त्याच्याभोवतीची माणसंही ठेवा. १९२५ च्या केनियात प्रौढ आफ्रिकन पुरुषाला बोटांच्या ठशांचं नोंदणीपत्र, 'किपांदे', बाळगावं लागे. धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवलेलं. चांगली जमीन गोऱ्यांसाठी राखीव. हॅरी थुकू या आफ्रिकन नेत्याच्या अटकेविरुद्ध जमलेल्या जमावावर नैरोबीत १९२२ मध्येच गोळीबार झालेला. खेळाडूंचा वाटाड्या ती डबी बोटाने फिरवत बोलतोय, एवढं दाखवलं तरी तो पाटी लावलेला 'नेटिव्ह' राहत नाही, आणि पोलीस पंथाचा माग का काढत नाहीत याचंही उत्तर मिळतं: त्यांना त्या माणसांच्या मरण्याशी देणंघेणं नाही.

याच नैरोबीत गोव्याचे डॉ. रोझेंदो रिबेरो होते. शहराच्या सुरुवातीच्या काळात ते झेब्र्यावर बसून रुग्ण तपासायला जात. एनपीसी (कीपरने चालवायचं पात्र) शोधत असाल तर इतिहासाने तयार करून ठेवलाय.

शांघायमध्ये ३० मे १९२५ ला ब्रिटिशांच्या हाताखालच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. त्या पोलिसांत शीख शिपाई होते. पाठोपाठ शहरात संप. तुमचा गट जूनमध्ये तिथे उतरला आणि त्यात एक भारतीय पात्र असलं, तर गोदीतली माणसं त्याच्याकडे कशा नजरेने पाहतील? हे पुस्तक सांगणार नाही, तुम्हाला ठरवावं लागेल.

मुंबई घुसडण्याचा मोह

मराठी गटांत हा हमखास होतो. खरं तर घुसडायची गरजच नाही, मोंबासाहून पूर्वेकडे निघालेल्या माणसाला मुंबईत बोट बदलणं साहजिक आहे. गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला झालेलं, बोरीबंदर-कुर्ला विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ पासून धावतेय, मलबार हिलवर १२ जानेवारीला झालेल्या बावला खुनाची चर्चा चहाच्या दुकानापासून इंदूरच्या दरबारापर्यंत. चूक होते ती इथेही तळघर, मांत्रिक आणि नरबळी आणण्यात. सहा ठिकाणी पंथ आहेतच, सातवा कशाला? मुंबई विसाव्यासाठी ठेवा. कुणाची तरी मावशी गिरगावात राहते, ती जेवायला बोलावते आणि खेळाडूला तिच्यापासून सगळं लपवावं लागतं. त्याने काही सांगितलंच, तर ती काय करेल ते ठरवून ठेवा.

भारतीय पात्र न्यूयॉर्कमध्ये कसं, हा प्रश्नही येतो. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठातच होते, त्यामुळे विद्यार्थी म्हणून गेलेला मुंबईकर पूर्ण पटतो. फक्त १९१७ च्या कायद्याने भारतीयांच्या स्थलांतराला बंदी आहे आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९२३ च्या थिंड निकालाने नागरिकत्वाची दारंही बंद झाली आहेत. पात्राची कागदपत्रं कोण तपासतंय हे लक्षात असू द्या.

मेलेल्यांच्या जागी कोण?

या कॅम्पेनमध्ये पात्रं मरतात आणि बरीच मरतात. मूळचा एकही शोधक उरला नाही की नव्यांना या भानगडीत पडायचं कारणच राहत नाही, ते घरी जायला मोकळे असतात. म्हणून पहिल्याच बैठकीत प्रत्येकाकडून दोन पात्रं करून घ्या आणि दुसरं पात्र पहिल्याला पत्राने ओळखत असू दे. पहिलं मेलं की त्याची वही, तारा, उसनवारीचा हिशेब दुसऱ्याच्या पत्त्यावर जाईल. मात्र टपाल पोचायला लागणारे आठवडे कॅलेंडरवरून खोडायला विसरू नका.