‘अनइन्स्टॉल’ न होणारे बनावट ई-चलान ॲप कसे काढले : माझा अनुभव

सिडकोतील आमच्या घरी वडिलांच्या अँड्रॉइड फोनवर ई-चलानाच्या नावाने आलेली एपीके (थेट ॲप बसवणारी) फाइल उघडली गेली आणि तेव्हापासून ओटीपीचे संदेश दिसेनासे झाले. ॲप काढायला जावे, तर ‘अनइन्स्टॉल’चे बटण फिकट, दाबूनही न दबणारे. फोन बंद-चालू करणे आणि अँटिव्हायरस, दोन्ही व्यर्थ गेले. दोन दिवस जीव टांगणीला लागला होता.

अखेर आधी सिम काढून वायफाय बंद केले, ‘पॉवर ऑफ’ दाबून धरून फोन सेफ मोडमध्ये (यात आपण टाकलेली ॲप्स चालत नाहीत) सुरू केला, सेटिंग्जमधील ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’मध्ये (फोनवर विशेष ताबा असलेल्या ॲप्सच्या यादीत) त्या ॲपची परवानगी काढली (मूळ अडथळा हाच होता), आणि मगच ते अनइन्स्टॉल झाले. त्यानंतर सिम घालून ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग (आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणे) रद्द केले आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. खात्यातून पैसे गेले असल्यास मात्र या सगळ्याच्या आधी, दुसऱ्या फोनवरून, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.