गाडी खाली घेतल्यावर इंजिन माउंटिंग आणि एक्सल जागेवर कसे आणावेत

(फक्त पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांसाठी.)

स्प्रिंग बदलून गाडी ३०-४० मिलिमीटर खाली आली की चाकं बॉडीच्या मानाने वर सरकतात, गिअरबॉक्स मात्र बॉडीबरोबर खाली येतो. ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद नेणाऱ्या एक्सलचा) कोन तिथेच बिघडतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना कोनात फिरणारा सांधा असतो, तो सीव्ही जॉइंट: आतला गिअरबॉक्सकडे, बाहेरचा चाकाकडे. पिकअप घेताना गाडी थरथरली तर संशय आतल्या सीव्ही जॉइंटवर. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट वाजलं तर बाहेरच्यावर.

आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक दिसला तर स्प्रिंग बहुधा सीटवर नीट बसलेली नाही. पुढचं काम थांबवा.

मग माउंटिंग, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स बॉडीला धरून ठेवणारे रबरी आधार. गाडी पिटवर, चारही चाकांवर उभी हवी. गिअरबॉक्सखाली जॅक, मध्ये लाकडी ठोकळा. चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला) थेट जॅक लावला तर पत्रा आत जातो. माउंटिंगचे बोल्ट एकेक फेरा सैल करा, काढू नका. इंजिन बंद ठेवून हाताने पुढे-मागे हलवा, म्हणजे रबरातला ताण सुटून ते आपल्या जागी बसतं. मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळा, इंजिनाचा झोका अडवणारा खालचा टॉर्क रॉड सर्वात शेवटी. रबराला चीर असेल किंवा तेल गळत असेल तर नवीनच टाका. सोलापूरच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात जुनं रबर कडक होऊन हादरे बॉडीत सोडतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती लोअर आर्मच्या (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीत. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाकं लटकत असताना बोल्ट आवळला की गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. म्हणून बोल्ट सैल करून गाडी जरा पुढे-मागे ढकला, वजन चाकांवर असतानाच आवळा. अनेक गॅरेजवाले हे घाईत लिफ्टवरच उरकतात. समोर उभं राहून करून घ्या.

शाफ्टच्या सांध्यांवरचे रबरी बूट बघा, ग्रीस उडालेलं दिसलं तर बूट बदला. थरथर तरीही राहिली तर माउंटिंगखाली स्पेसर (जाड चकती) घालून गिअरबॉक्स उचलता येतो, पण बोनेट, सायलेन्सर आणि गिअर लिंकेज आधी तपासा. त्यापेक्षा स्प्रिंग थोडी उंच घेणं शहाणपणाचं.

अलाइनमेंट शेवटी: निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) फार वाढला असेल तर आधी कॅम्बर बोल्ट, मग टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते). हेडलाइटचा झोतही परत लावून घ्या. सोलापुरातल्या होटगी रोडचे स्पीडब्रेकर तिरके घ्यावे लागतील, ते वेगळं. बदलाबाबत आरटीओचे नियम काम सुरू करण्याआधी विचारून घ्या.