लेथच्या 5 एचपी मोटारचं कनेक्शन: पाना हातात घ्यायच्या आधी नेमप्लेट वाचा

थ्री फेज मोटार जळली की सगळे वाइंडिंगवाल्याला नाहीतर लाइटला शिव्या घालतात, पण टर्मिनल बॉक्समधल्या पितळी पट्ट्या बरोबर बसवल्यात का हे कोणी उघडून बघत नाही. आपल्याकडे साधारण 3 एचपीपर्यंतची मोटार 415 व्होल्टला स्टारमध्ये असते आणि 5 एचपीपासून पुढे डेल्टामध्ये (मोटारीतली तारेची वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, जोडायच्या या दोन पद्धती, खाली सांगितल्यात), तरी अंदाजाने जाऊ नका, प्लेटवर जे लिहिलंय तेच करायचं.

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि मल्टिमीटरने तिन्ही फेज एकमेकांत आणि अर्थला तपासा, नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. मेन बोर्डाचं काम लायसन्सवाल्या वायरमनलाच द्या.

बॉक्समध्ये सहा स्टड दिसतील, एका रांगेत यू1 व्ही1 डब्ल्यू1 आणि समोर डब्ल्यू2 यू2 व्ही2 (जुन्या मोटारीवर ए1 ए2, बी1 बी2, सी1 सी2). समोरासमोरचे स्टड पट्टीने जोडले की डेल्टा, डब्ल्यू2 यू2 व्ही2 तिघं एकत्र जोडले की स्टार. स्टारची मोटार डेल्टात लावली तर प्रत्येक वाइंडिंगवर 240 ऐवजी 415 व्होल्ट येतात आणि थोड्याच वेळात धूर निघतो. उलटं झालं तर जास्त फसायला होतं, कारण रिकामी असताना मोटार मस्त फिरते पण टॉर्क एक तृतीयांशच उरलेला असतो, मग जाडसा कट घेतला की मोटार दबते, करंट ओढते आणि तापत जाते.

5 एचपीला डीओएल स्टार्टर (मोटारीला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा) चालतो. केबलच्या टोकाला लग (धातूची टोपी) नीट क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथली पकड) घट्ट करा, नाहीतर कुलंट आणि बारीक चिप्स आत जातात. बॉडीला अर्थिंगच्या दोन वेगळ्या वायरी द्या, एक ढिली झाली तरी दुसरी असते.

ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा) नेमप्लेटच्या अँपिअरवर सेट करा, 5 एचपीला साधारण साडेसात. ट्रिप होतंय म्हणून रिले वर फिरवणं हा प्रकार फार चालतो आणि मोटारी त्यानेच जातात, आधी का ट्रिप होतंय ते शोधा ना. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटार आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात नेणारा) रिले बहुतेक वाइंडिंगच्या लाइनमध्ये असतो, तिथे नेमप्लेटच्या 0.58 पट धरायचं.

पहिल्यांदा बेल्ट काढूनच चालू करा. उलटी फिरली तर सप्लाय बंद करून कुठल्याही दोन फेज अदलाबदल करा. चुडीवर (आट्यांवर) बसणारा चक, म्हणजे जॉब पकडणारा भाग, असेल तर उलट्या फिरण्याने तो सुटून अंगावर येऊ शकतो, इथे घाई नको.

मग बेल्ट चढवा, लोड द्या आणि टाँग टेस्टरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) तिन्ही फेजचा करंट बघा. तिन्ही जवळपास सारखे हवेत. एकात शून्य दिसलं तर मोटार दोन फेजवर चाललीय, लगेच बंद करा आणि फ्यूज, लग, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट या क्रमाने तपासा.