अँगस्ट्रॉमपासून पार्सेकपर्यंत: एककं बदलताना घातांक कसा सांभाळायचा

एका पार्सेकमध्ये (ताऱ्यांची अंतरं मोजायचं एकक) अँगस्ट्रॉम (अणूंच्या आकाराचं एकक) किती, असा प्रश्न आला की अनेक जण थेट सूत्र शोधतात. त्याची गरज नाही. एकक कुठलंही असो, आधी मीटरवर या आणि तिथून हव्या त्या एककात जा. मधला मीटर गाळला की घोटाळा नेमका कुठे झाला तेच कळत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा, सगळं मीटरमध्ये (^ नंतरचा आकडा म्हणजे १० चा घातांक):

फेम्टोमीटर: १०^-१५
अँगस्ट्रॉम: १०^-१०
नॅनोमीटर: १०^-९
मायक्रॉन: १०^-६
खगोलीय एकक: १.४९६ × १०^११
प्रकाशवर्ष: ९.४६०७ × १०^१५
पार्सेक: ३.०८५७ × १०^१६

यातलं खगोलीय एकक, म्हणजे साधारण पृथ्वी ते सूर्य अंतर, २०१२ पासून व्याख्येनेच १,४९,५९,७८,७०,७०० मीटर आहे, त्यात कमी-जास्त काही नाही. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर; त्यासाठी वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरतात. ३६५ दिवस घेतले तर ९.४६ ऐवजी ९.४५ येतं, म्हणजे तिसऱ्याच अंकाला चूक.

मीटरवर येताना गुणा, मीटरवरून जाताना भागा. वरच्या प्रश्नात ३.०८५७ × १०^१६ ला १०^-१० ने भागायचं. घातांकांची वजाबाकी १६ - (-१०), म्हणजे २६. उत्तर ३.०८५७ × १०^२६ अँगस्ट्रॉम. सर्वाधिक चुका इथेच होतात: उणे उणे अधिक हे विसरून घातांक ६ लिहिला जातो. उत्तर लिहिल्यावर स्वतःला विचारा, छोट्या एककात मोजल्यावर आकडा वाढलाय ना? पार्सेकमध्ये मीटरच १०^१६ च्या घरात आहेत, मग अँगस्ट्रॉम १०^६ कसे असतील?

कॅल्क्युलेटरवरही तेच चुकीचं उत्तर येतं, पण कारण वेगळं. ३.०८५७ × १०^१६ ÷ १ × १०^-१० असं सलग दाबलं की यंत्र डावीकडून उजवीकडे जातं: १ ने भागतं आणि १०^-१० ने गुणतं. भाजक कंसात घाला किंवा घातांकाची खास कळ (EXP किंवा EE) वापरा. त्या कळीत १० आधीच धरलेला असतो. १०^१६ साठी १, ती कळ, १६ असं दाबायचं. १ ऐवजी १० दाबलंत तर १०^१७ होतं.

मराठीत वाचताना आणखी एक खाच आहे. इंग्रजी बातमीतला ट्रिलियन म्हणजे आपले लाख कोटी, १०^१२. अब्ज म्हणजे फक्त शंभर कोटी. प्रकाशवर्ष ९.४६ लाख कोटी, पण किलोमीटर. मीटर करताना घातांकात ३ मिळवायचे राहून जातात.

अवकाशातल्या अंतरांची छोटी प्रतिकृती करायची असेल तरी रीत हीच. एक खगोलीय एकक म्हणजे १ मिलिमीटर असं प्रमाण धरा. १०^-३ ला १.४९६ × १०^११ ने भागलं की गुणक येतो ६.६८४ × १०^-१५. आता सूर्याच्या सर्वात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे ४.०११ × १०^१६ मीटरवर. गुणकाने गुणा: २६८ मीटर. सूर्याचा व्यास १.३९ × १०^९ मीटर. त्यालाही गुणा, ९.३ × १०^-६ मीटर, म्हणजे ९.३ मायक्रॉन. माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रॉनची असते. या प्रमाणात सूर्य तिच्याहून जरासाच मोठा, आणि शेजारचा तारा पाव किलोमीटरच्याही पलीकडे.