टीसीपीवर मेसेज नेमका कुठे संपतो? या चुका टाळा

लोकलहोस्टवर (आपल्याच संगणकावर) सुरळीत चालणारा सर्व्हर खऱ्या नेटवर्कवर गेला आणि अर्धवट जेसॉन (मजकुराच्या रूपातला डेटा) वाचून कोसळला, की आधी शिव्या नेटवर्कला बसतात. टीसीपी हा दोन संगणकांमध्ये डेटा नेणारा प्रोटोकॉल बाइट्स क्रमाने पोचवतो, बस्स. मेसेजची हद्द त्याला ठाऊकच नसते. एका सेंडला पलीकडे एकच रिसीव्ह, असं गृहीत धरू नका. इथरनेटवर एका सेगमेंटमध्ये (टीसीपीच्या एका तुकड्यात) साधारण 1460 बाइट्स मावतात. मोठा मेसेज तुकड्यांत येतो, छोटे दोन एकदमही येतात. आलेलं सगळं बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जमवा, पूर्ण मेसेज झाला की तेवढाच उचला आणि उरलेले बाइट्स पुढच्यासाठी राखा. ते फेकून देणारा कोड महिनोन्‌महिने बिनबोभाट चालतो आणि लोड वाढला की फसतो.

मेसेजआधी लांबी पाठवत असाल, तर ती एन्कोड केल्यानंतर बाइट्समध्ये मोजा. ‘नमस्कार’ची लांबी पायथन 7 सांगतो, यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये एन्कोड करण्याच्या पद्धतीत) मात्र ते 21 बाइट्स होतात. इंग्रजीतच टेस्टिंग केलं तर ही चूक सापडतच नाही. शिवाय समोरून आलेल्या लांबीवर डोळे झाकून मेमरी देऊ नका: 4 बाइट्सच्या आकड्यात कुणीही 4 जीबीपर्यंत मागू शकतो. कमाल मर्यादा घालाच.

शेवटाची खूण वापरत असाल, तर ती मजकुरातही येऊ शकते. मेल पाठवण्याच्या एसएमटीपी प्रोटोकॉलमध्ये ओळीवर एकटा टिंब आला की मेल संपतो. म्हणून टिंबाने सुरू होणाऱ्या ओळीला पाठवताना आणखी एक टिंब जोडतात. पण खूण दोन्ही टोकांनी अगदी एकसारखी वाचायला हवी. डिसेंबर 2023 मध्ये उघड झालेला ‘एसएमटीपी स्मगलिंग’चा प्रकार यातलाच. ओळ कुठे तुटते यावर सर्व्हरांचं एकमत नव्हतं आणि त्या फटीतून एका मेलच्या पोटात दुसरा बनावट मेल घुसवता येत होता.

कनेक्शन बंद झालं म्हणजे मेसेज पूर्ण झाला, हेही खरं नाही. प्रोसेस मध्येच मेली तरी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बहुधा रीतसर फिन (कनेक्शन संपवण्याची खूण) पाठवतो. एचटीटीपी 1.1 मधल्या चंक्ड (तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याच्या) पद्धतीत म्हणूनच शेवटी शून्य लांबीचा चंक लागतो; तो आला नाही तर उत्तर अपुरं समजा.

दोन्ही बाजू गप्प बसून वाट पाहत असतील, तर आधी फ्लश (बफरमध्ये साठलेलं पाठवून देणं) राहिलाय का ते बघा. टीसीपी-नोडिले या कनेक्शनच्या सेटिंगने छोट्या पॅकेटांचा उशीर कमी होतो, मेसेजच्या हद्दी त्याने दुरुस्त होत नाहीत. तरीही बरेच जण पहिल्यांदा तोच पर्याय चालू करतात.